पोटाची पूड आणि माझं तोंड

काका,

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी वीस मिनिटं बोललो. काकूंनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, "तूच बोल बाबा. बाकीचे कागद बघून वाचतेत, मग कुणाला रडूबी येत न्हाय." माइक हातात आला आणि मी सुटलो. इंजेक्शन देताना तुमच्या डॉक्टरसाहेबांची टोपी गाढवानं कशी खाल्ली आणि साहेब रुसले म्हणून टोपी परत मिळवायला तुम्ही दोन दिवस त्या गाढवाच्या मागं कसे बसून राहिलात, ते सांगितलं. लोक हसले. भंतेजींनीसुद्धा चिवराचा काठ तोंडाशी नेला. मग मी आवाज खाली आणला, तुमच्या सायकलला बांधलेल्या खाकी पिशवीचं वर्णन केलं, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुठं हसवायचं, कुठं रडवायचं, कुठं थांबायचं, सगळं जमलं. खाली उतरलो तर एकानं पाठीवर थाप मारली. "भोंग्या, तुझ्यासारखं बोलणारा जिल्ह्यात न्हाय!"

जे सांगायला मी उभा राहिलो होतो, तेवढं सोडून सगळं सांगून झालं होतं.

तुम्ही ऐकत असता तर मान हलवली असतीत आणि म्हणाला असतात, "भोंग्या, आवाज मोठा झाला की मला कळतं, तू काहीतरी लपवतोयस." म्हणून आज आवाज नाही. आज वही आहे, आणि आमच्या घरातलं एकमेव चालू पेन.

तुमची-माझी ओळख सरपंचामुळं झाली. सरपंच म्हणजे माझा घोडा. त्या वेळी माझा दवंडीचा टांगा होता. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, नळपट्टी भरा म्हणून ग्रामपंचायतीची सूचना असो, ओढायला घोडा आणि ओरडायला मी. घोड्याचं नाव सरपंच का ठेवलं, असं गावच्या खऱ्या सरपंचांनी मला बोलावून विचारलं होतं. मी म्हणालो, "घोड्याची काही तक्रार न्हाय, साहेब." पुढचे सहा महिने ग्रामपंचायतीची दवंडी मला मिळाली नाही.

ढोकीचा कारखाना चालू असला की रस्त्यावर ट्रॅक्टरमधून उसाचे वाढे पडतात. तसे गोळा करून रचून ठेवलेले, आतून गरम झालेले वाढे सरपंचानं पोटभर खाल्ले. सकाळी बघतो तर बसतोय, उठतोय, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघतोय. मी सगळ्या गल्लीला गोळा केलं. कुणी म्हणालं, ताक पाज. कुणी म्हणालं, गोडंतेल. तेवढ्यात तुम्ही आलात. जनावरांच्या दवाखान्यातल्या तुमच्या नोकरीचं सरकारी नाव होतं व्रणोपचारक. ते कुणाला म्हणता येत नसे, म्हणून सगळ्या तालुक्याला तुम्ही कंपाउंडर. सायकल लावलीत, घोड्याच्या कुशीला कान लावलात आणि तसेच उभे राहिलात. मी आपला बोलतोच आहे. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, याची आई कुठल्या बाजारातली.

"गप जरा," तुम्ही म्हणालात. "मला त्याचं पोट ऐकू येईना तुझ्यापायी."

"पोट बोलतंय का काय?"

"बोललं पायजे. गडगडलं पायजे. घोड्याचं पोट गप बसलं की भ्यायचं. तुझं तोंड गप बसलं तर कुणी भिणार न्हाय."

तुम्ही त्याच्या तोंडात काहीही घालू दिलं नाहीत. ताक नाही, तेल नाही. मला डॉक्टरांकडं पळवलंत. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सुई दिली, आणि दुपारी चारच्या सुमारास सरपंचानं लीद टाकली. तुमचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता पेढे वाटणार. मग सायकलवर टांग टाकता टाकता तुम्ही एक गोष्ट सांगितलीत. "घोड्याला उलटी होत न्हाय, ठाऊक हाय का? बैलाचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं. ह्याच्या आत गेलेलं माघारी येत न्हाय. म्हणून ह्याच्या तोंडात घालताना दहादा इचार करावा."

मी ते वाक्य पुढं बाजारात शंभर वेळा वापरलं. लोकांना ते फार आवडायचं. मला ते तेव्हा समजलं होतं असं मात्र म्हणवत नाही.

निवृत्त झाल्यावर तुम्ही पूड करायला लागलात. ओवा, बडीशेप, मेथी, सुंठ, जवस, सावलीत वाळवलेला पुदिना आणि बेलफळाचा गर. ओवा तळहातावर चोळायचा आणि नाकाला झोंबला नाही तर तसाच वाण्याकडं परत. वाणी म्हणायचा, "कंपाउंडर, माणसं एवढं बघत न्हाईत." तुम्ही म्हणायचात, "माणूस तक्रार करतो. घोडं कुणाकडं जाईल?" अंगणात चटईवर सगळं पसरलेलं असायचं आणि आख्ख्या गल्लीला लग्नघराचा वास. काकू तुमच्या धोतराच्या जुन्या पानातून पूड चाळायच्या आणि शिंकायच्या. रोज एक मूठ, ओलसर कोंड्यातून. मूठ कुणाची? तर काकूंची. तुमचा पंजा फावड्यासारखा, त्या मापानं घोडं फुटलं असतं. कुणी गिऱ्हाईक माप विचारायला आलं की तुम्ही आत हाक मारायचात, "अहो, मूठ दाखवा!" आणि काकू पिठाचा हात तसाच बाहेर काढून मूठ दाखवून परत आत.

तुळजापुरापासून उमरग्यापर्यंत वरातीच्या घोड्या ठेवणारे तुमच्याकडं यायला लागले. वरातीची घोडी म्हणजे सगळ्या मांडवाची लाडकी. नवरदेवाची मावशी बुंदीचा लाडू चारणार, करवली पेढा चारणार, कुणी दारुडा मामा पुरी देणार. आणि पाणी मात्र बँड थांबेपर्यंत कुणी दाखवणार नाही. तुम्ही प्रत्येकाला तेच सांगायचात. "हे औषध न्हाय. ही चटणी समजा. बरं असलेलं पोट बरं राहावं म्हणून हाय. खरं काम कडब्याचं आन् पाण्याचं. आन् पोट धरलं तर माझी पूड इसरायची. तोंडात काय घालायचं न्हाय. हळूहळू फिरवायचं आन् डॉक्टर बोलवायचा."

खाकी कागदाच्या पुड्यांवर तुमचा रबरी शिक्का असायचा. तीन ओळी. पोटाची पूड. रोज एक मूठ कोंड्यातून. पोट दुखत असल्यास देऊ नये, डॉक्टरांना बोलवावे.

ही असली पुडी बाजारात विकायला मी निघालो, तेव्हा मला रडू आलं. पोटाची पूड! हे काय नाव झालं? मी सोलापुरात जाऊन चित्रं छापून आणली. दोन पायांवर उभा घोडा, डोक्यावर मुकुट, पाठीमागं सूर्य. वर लाल अक्षरांत: दौडसम्राट.

तुम्ही चष्मा लावून बघितलंत. "दौडसम्राट? जुलाबाचं औषध वाटतंय."

काकू आतून इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं भांडं पडलं.

चित्र मोठं होतं. चिकटवलं की तिसरी ओळ झाकली जायची. ते पहिल्याच पुडीला तुमच्या लक्षात आलं. आपलं तिथं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, "काका, गिऱ्हाईक पुडी हातात घेतंय आन् तुम्ही त्याला दुखण्याचं वाचून दाखवताव. मांडवाच्या दारात कुणी तिरडी ठेवतं का?"

"ती ओळ राहिली पायजे."

"मी तोंडानं सांगतो की! माझं तोंड कशाला हाय?"

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "बरं." तुमच्या त्या 'बरं'चा मला आज इतका राग येतो, काका. तुम्ही वाण्याचा ओवा चोळून बघायचात आणि माझ्या शब्दावर तसाच विश्वास ठेवलात.

मी सांगायचो. शपथेवर सांगतो, पहिले काही बाजार मी सांगितलं. उमरग्याच्या बाजारात स्टुलावर उभा राहायचो, गळ्यात घुंगरांची माळ, हातात भोंगा. "या रावसाहेब, या पाटील! घोडं तुमचं, पोट त्याचं, काळजी आमची!" माणसं जमायची. आणि शेवटी मी सांगायचो, पोट धरलं तर हे देऊ नका, डॉक्टर बोलवा. पण काका, त्या वाक्याला माणसं पांगायची. मला दिसायचं ना वरून! पिशव्या उचलून चालू लागायची. बोलणाऱ्याला ते सोसत नाही. मग मी ते वाक्य घाईत म्हणायला लागलो. मग विक्री झाल्यावर. मग एखाद्या बाजारी राहूनच गेलं आणि काही बिघडलं नाही. मग ते गेलंच. त्याच्या जागी काहीतरी हवं, तोंडाला तिथं थांबायची सवय झालेली. म्हणून एक दिवस, कुणी न विचारता, माझ्या तोंडून निघालं, "आणि पोट धरलं तर? दोन मुठी, गुळाच्या पाण्यात! घटकाभरात घोडं नाचायला!"

टाळ्या पडल्या. मग ते कायमचं झालं.

रशीदभाईंना ते वाक्य पाठ होतं. तुम्ही त्यांना ओळखत होतात. उमरग्याचे, वरातीची घोडी ठेवणारे. पांढरी शुभ्र, ठेंगणी, गोल घोडी. तिचं नाव रेवडी. दोन वर्षं तुमची पूड तिला चालू होती, आणि ते चारचौघांत तिची लीद फोडून दाखवायचे, "बघा, कंपाउंडरची करामत!" पाहुण्यांना लीद दाखवणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी तुळजापुरात साड्यांच्या दुकानासमोर ओरडत होतो. संध्याकाळी रेवडीची वरात होती.

"भोंग्याभाई, रेवडी सकाळपासून पाय आपटतीय. दाणा घेईना. पोटाकडं बघतीय."

सरपंचाला तसंच झालं होतं. मान वळवून पोटाकडं बघणं म्हणजे काय, ते मला तुम्ही शिकवलं होतं. माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, दुकानदार हातवारे करत होता, आणि मी बाजारातलं वाक्य म्हणालो. "दोन मुठी गुळाच्या पाण्यातून पाजा, भाई. नवरदेव बसायच्या आत नाचंल."

"डॉक्टरला बोलवू का? इथंच हाय, रस्त्यापलीकडं."

"गरज न्हाय."

मग म्हणाले, "हे कंपाउंडर बोलले का? त्यांनी सांगितलं असंल तर देतो."

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणालो.

एवढंच, काका. तुमचा नंबर माझ्या फोनात होता. तुम्ही घरी होतात, बहुतेक पुदिना निवडत.

तिघांनी रेवडीचं तोंड वर धरलं आणि बांबूच्या नळीनं पाजलं. अर्धं नाकातून परत आलं. तास गेला, ती आडवी पडून लोळायला लागली, तेव्हा कुणीतरी रस्ता ओलांडून डॉक्टरांना आणलं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, आणि आता उशीर झालाय. वरात निघायच्या आत ती गेली. नवरदेव मोटारसायकलवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन उमरग्याला गेलात. मला वाटत होतं तुम्ही मला ढाल म्हणून नेताय. रशीदभाई रिकाम्या खुंट्यापाशी बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. उरलेली पुडी तुमच्यासमोर टाकली. "तुमचं नाव ऐकून पाजलं, कंपाउंडर. न्हायतर डॉक्टर दारात होता माझ्या."

तुम्ही पुडी उचललीत. घोड्याच्या चित्रावरून अंगठा फिरवलात. मग माझ्याकडं बघितलंत. मी खुंट्याकडं बघत होतो. खुंट्यावर झूल वाळत घातलेली होती, वरातीसाठी धुतलेली.

"पूड माझी हाय, रशीदभाई," तुम्ही म्हणालात. "चूक झाली."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि मी झुलीचा काठ सरळ करत उभा राहिलो.

परतीच्या एसटीत नळदुर्ग मागं पडलं. मग खिडकीकडं बघतच म्हणालात, "चित्र लावू दिलं ती माझी चूक. म्हणून मी चूक झाली म्हणालो. पण फोनवर माझं नाव घेतलंस, ते मला आज तिथं कळलं."

"काका—"

"मी ते बोलणार न्हाय. मी बोललो तर म्हणतील, कंपाउंडर अंग झटकतोय. तू जाऊन सांगायचंस."

"जातो."

"कधी?"

"पुढच्या बाजारी."

पुढच्या बाजारी लग्नसराई होती. मग तुळजापुरात नवरात्र आलं, हरवलेल्या माणसांची नावं पुकारायला माझ्याशिवाय कोण? मग कारखाना चालू झाला. मग निवडणुका, आणि निवडणुका आपल्याकडं कधी संपतात का? तुम्ही भेटलात की एकच विचारायचात, "गेलतास का?" मी एखादा किस्सा सुरू करायचो. तुम्ही किस्सा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात, हसायचातसुद्धा. मग परत विचारायचात, "आन् उमरग्याला?"

सहा वर्षं, काका. सहा वर्षं मी तुम्हाला किस्से ऐकवले.

पूड तुम्ही विकायची बंद केलीत. कुणी दारात आलंच तर चिमूटभर वानगी दिल्यासारखी द्यायचात, आणि देण्याआधी ती तिसरी ओळ त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचात, शाळेतल्या पाढ्यासारखी. मी त्याची नक्कल करून लोकांना हसवत असे. उमरग्यात लोक तुमची नक्कल वेगळी करत होते. "तीस वर्षं दवाखान्यात शेण काढलं आन् डॉक्टर व्हायला निघाला!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, चहाच्या गाड्यावर. आणि चहा संपवून उठलोय.

शेवटचं भेटलो ते तुम्ही खाटेवर होतात तेव्हा. पोटात काही ठरत नव्हतं. काकू ओव्याचं पाणी चमच्यानं देत होत्या. तुम्ही म्हणालात, "शेवटी माझ्याच पुडीवर आलो बघ." मी हसलो. मग तुम्ही विचारलंत. आवाज इतका बारीक होता की फक्त ओठ हलले. मला कळलं काय विचारताय ते. आणि मी, काका, तुम्हाला त्या गाढवाच्या टोपीचा किस्सा सांगितला, जो तुमचाच होता, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असलेला. तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात, काकूंनी मला हातानं खूण केली की आता पुरे, आणि मी उठलो. सुटलो असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, जिन्याच्या पायऱ्या मी शीळ घालत उतरलो.

पुण्यानुमोदन झालं, मांडव सोडला, खुर्च्या रचून झाल्या. मी काकूंचा निरोप घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "एक इचारू का? संगीताकडं उमरग्याला गेलो की हे हायवेलाच उतरायचे. तिथनं शेतातून वळसा घालून पोरीच्या घरी. एवढं ऊन असायचं, तरी बाजारातनं चालायचे न्हाईत. इचारलं की म्हणायचे, चाललेलं बरं असतंय. तुला काय बोलले होते का?"

मी म्हणालो, "न्हाय काकू."

ते त्या दिवसातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

दुसऱ्या दिवशी मी उमरग्याला गेलो. रशीदभाईंकडं आता घोडी नाही. वरातीला दिव्यांनी मढवलेली जीप देतात. मला बघून म्हणाले, "ये भोंग्या, कुणाची जाहिरात आज?" मी बसलो आणि सगळं सांगितलं. चित्र, झाकलेली ओळ, टाळ्यांसाठी जोडलेलं वाक्य, आणि फोन. तुम्हाला विचारलंच नव्हतं, हेसुद्धा. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार खाण्याचाही मी छान किस्सा केला असता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "कंपाउंडर कसे आहेत?"

तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

"सहा वर्षं मी त्या माणसाला सलाम केला न्हाय," ते म्हणाले. "एकदा एसटी स्टँडवर समोर आले होते. हात उचलला त्यांनी. मी तोंड फिरवलं." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आता कुणाला करू सलाम? सांग. तुला?"

मी उठायला लागलो, तसे ते म्हणाले,

"मी बाजारभर बोललोय, कंपाउंडरनं घोडी मारली म्हणून. चहावाल्याला, भाजीवाल्याला, सगळ्यांना. मला इथं बसून सांगतोस व्हय? आज बाजार हाय. चल."

मी गेलो, काका. कुणाकडून तरी स्टूल घेतलं आणि चढलो. "अहो, भोंग्या आला! लई दिसानं!" माणसं जमली. मी म्हणालो, रेवडी कंपाउंडरांच्या पुडीनं गेली नाही, माझ्या बोलण्यानं गेली. आणि ते म्हणताना माझा हात आपोआप वर गेला. आवाज 'रेवडी'वर चढला आणि 'गेली'वर पडला, जसा पडायचा तसाच. एक बाई खदकन हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आता कुठलं नवं चूर्ण काढलं रे?" मी म्हणालो, "चूर्ण न्हाय, खरं सांगतोय," तर आणखी मोठा हशा. पुढच्या एकानं तर पुडीसाठी हात पुढं केला.

रशीदभाईंनी माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. "उतर. तुझ्या तोंडातनं खरंबी खोटं होऊन निघतं."

ते स्टुलावर चढले नाहीत. जमिनीवर उभे राहूनच बोलले, आणि त्यांना काही बोलता येत नाही. "कंपाउंडर वारले," म्हणाले. "त्यांनी माझी घोडी मारली न्हवती. मी खोटं बोलत फिरलो." हसणं थांबलं. चहावाल्यानं गाड्यावरून मान वर केली.

आधी तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत. आता हे घेत होते.

भाजीवाली म्हातारी समोरच बसली होती. तिनं पेंढीवर पाणी मारायचं थांबवलं. "मग चूक कुणाची होती, भाई?"

रशीदभाई खाली जमिनीकडं बघत राहिले. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

"माझी," मी म्हणालो. ते इतकं हळू निघालं की म्हातारीनं कानाला हात लावला.

"कुणाची?"

"माझी. डॉक्टर बोलवू नका म्हणून मीच सांगितलं. काकांना इचारलं नव्हतं. त्यांचं नाव खोटं घेतलं."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी काही म्हटलंही नाही. तीस वर्षं मी माणसांसमोर उभा राहतोय, काका, आणि काहीच न करणाऱ्या माणसांसमोर हात कुठं ठेवायचे, ते मला ठाऊक नव्हतं. निघून जावंसं वाटत होतं. एखादा किस्सा ओठांवर आलाच होता.

मी तो गिळला आणि उभा राहिलो.